दोन दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

उत्तरेकडे आलेल्या मराठी पावलांचा इतिहास सांगताना आपण बहुधा पानिपतापासून आरंभ करतो. १७६१ सालचा तो संहार, नंतर महादजी शिंद्यांनी दिल्लीत पुन्हा बसवलेला दरारा, आणि मग एकदम आपण, म्हणजे सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन सरोजिनी नगरसारख्या वसाहतीत बिऱ्हाड थाटणारी मंडळी. ह्या दोहोंच्या मधल्या काळात मराठी बोलणारी एक मुलगी आणि तिचा थोरला भाऊ पोटात अन्न नसताना पायी चालत पंजाब आणि काश्मीरपर्यंत येऊन गेली, ह्याची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते की सनद नव्हती. होती ती पाठ केलेली पुराणे आणि आईबापांच्या मृत्यूची ताजी आठवण. ती मुलगी म्हणजे पुढे पंडिता रमाबाई ह्या नावाने जगाला माहीत झालेली विदुषी होय.

रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडील चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. त्यांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला? ह्या प्रश्नावर १८८३ पासून आजतागायत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. परंतु त्याहून अधिक विचार करण्याजोगा असा दुसरा एक प्रश्न आहे. ज्या बाईने एका दुष्काळात आपले सर्वस्व गमावले, तिच्यापुढे वीस वर्षांनी दुसरा दुष्काळ येऊन उभा राहिला, तेव्हा तिच्या श्रद्धेने तिच्याकडून काय करवून घेतले? प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे दक्षिण कानड्यातले वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. तरुणपणी पुण्यास असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून आपल्या पत्नीसही देववाणी शिकवावी असे त्यांच्या मनाने घेतले. ह्या विचाराला घरात आणि समाजात विरोध झाला. उडुपीच्या विद्वानांपुढे त्यांना आपल्या कृत्याचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. शेवटी त्यांनी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम बांधला आणि पत्नी लक्ष्मीबाई हिला तेथे शिकवले. त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल अवघे सहा महिन्यांचे असताना घर मोडले. मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुढील सारे आयुष्य त्या घराने देवळाच्या ओवऱ्यांत पुराणे सांगत काढले. लहानग्या रमेस आईनेच पढवले. मराठीच्या प्रदेशाबाहेर जन्मलेली, कानडी आणि तेलुगू मुलखांत वाढलेली ही मुलगी शुद्ध मराठी बोलत असे, ती ह्या फिरत्या घरातल्या माउलीमुळेच. आपली मुले मराठी विसरतील ह्या चिंतेत असणाऱ्या आपणा परमुलखातल्या लोकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुढील दोन-तीन वर्षांत तो दक्षिणेत सर्वत्र पसरला. ह्या कुटुंबाने त्याला तोंड कसे दिले, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे आणि ते वाचताना मन सुन्न होते. अनंतशास्त्र्यांची श्रद्धा निर्मळ होती. जवळ होते ते द्रव्य त्यांनी दानधर्मात, पूजेअर्चेत आणि ब्राह्मणभोजनांत वेचले. देव संतुष्ट होईल आणि संकट टळेल हा त्यांचा भरवसा होता. मग भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. पुराण ऐकणारेच उपाशी, तेथे पुराणिकास दक्षिणा कोण देणार? अंगमेहनतीचे काम कोणास येत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटे. ऐहिक धंद्यांचा वाराही मुलांना लागू नये, असेच वडिलांचे धोरण होते. ते घर अखेर रानातला पाला आणि फळे खाऊन दिवस काढू लागले. प्रथम वडील गेले. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाचा उपदेश केला. थोड्याच आठवड्यांत रायचूर येथे आई गेली. तिरडीला चार खांदे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी, म्हणून तिला आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घ्यावा लागला. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

मागे राहिली ती श्रीनिवासशास्त्री आणि रमा ही दोन भावंडे. आपण चार हजार मैलांहून अधिक पायपीट केली असे रमाबाईंनी नमूद केले आहे. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खावे, तेही नसेल तर रानातली बोरे खावी. झेलमच्या काठी थंडीने प्राण जाण्याची वेळ आली, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे केले, त्यांत शिरून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. दिल्लीची पौषातली थंडी आपणांस गादीवर रजई घेऊनही सोसवत नाही. त्यावरून ह्या प्रसंगाची कल्पना करावी.

ह्या भटकंतीत मूर्तिपूजेवरील त्यांचा विश्वास उडाला, परंतु वडिलांच्या अखेरच्या शब्दांचा विसर मात्र पडला नाही. ह्या दोन गोष्टी एकत्र घेतल्याखेरीज पुढील रमाबाई समजत नाहीत. त्यांचा सारा शोध हा एका परीने, ज्याच्या हाती बापाने आपल्याला दिले तो कोण, ह्याचाच शोध होता.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. रमाबाईंची संस्कृतवरील पकड पाहून तेथील विद्वज्जन थक्क झाले आणि त्यांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांच्या हाती वेद ठेवला आणि तो वाचण्यास सांगितले. स्त्रीने वेद वाचू नये हा निर्बंध त्यांनी तोवर पाळला होता. सन्मानाचे हे दिवस फार टिकले नाहीत. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला, वधू ब्राह्मण. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पती गेला. चोविसावे वर्ष पुरे होण्याच्या आतच आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती ह्या सर्वांना अग्नी दिलेला, आणि कडेवर तान्ही मुलगी, अशा स्थितीत रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या पैशांतून १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत फसला. तेथे वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या उतरल्या होत्या. ह्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रयगृह होते. तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांना त्या मायेने वागवीत, असे रमाबाईंनी पाहिले आणि त्या चकित झाल्या. अशा स्त्रियांना समाज आणि शास्त्र दोन्ही बाहेर लोटतात, हेच त्यांनी तोवर पाहिले होते. ह्या बायकांची कीव करण्यास तुम्हांला कोण शिकवतो, असे त्यांनी विचारले तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री ह्यांच्या विहिरीकाठच्या भेटीची कथा त्यांना ऐकवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मतामतांच्या वादात ख्रिस्ती मत श्रेष्ठ ठरले म्हणून त्या तिकडे गेल्या, असे म्हणता येत नाही. टाकून दिलेल्या बाईजवळ येऊन बसणारा देव त्यांना त्या कथेत सापडला आणि त्यांच्या मनाने तेथे ठाव घेतला.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे मानही वाकवली असे झाले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. शिष्येने गुरूचे ऐकावे, बिशपांच्या आज्ञेत राहावे, असा त्या पत्रांतून एका बाजूचा आग्रह आहे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, ह्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनीही प्रतिकूल मत दिले. रमाबाईंचे उत्तर असे की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता दुसऱ्याचे घेणार नाही. देवाची आज्ञा मी मानीन, पण ती माझ्या सदसद्विवेकाला पटली पाहिजे. त्रैक्यासारख्या मूलभूत सिद्धान्ताविषयीही त्यांनी आपल्या शंका स्पष्टपणे मांडल्या. ज्यांच्या घरी आश्रयाला राहायचे त्यांच्याशीच असा वाद घालणे सोपे नसते. पारतंत्र्याच्या काळात, राज्यकर्त्यांच्या देशात, राज्यकर्त्यांच्याच धर्माचा स्वीकार करून त्यांच्या धर्माधिकाऱ्यांना नाही म्हणणाऱ्या ह्या बाईला परकीयांचे हस्तक ठरवणाऱ्यांनी ही पत्रे वाचावयास हवी होती.

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन उभे केले. त्या संस्थेने दहा वर्षे साह्य देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्याच वर्षी मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्री प्रतिनिधी होत्या, त्यांत रमाबाई होत्या. पुढे जिचे नाव आमच्या ह्या वसाहतीला लाभले ती सरोजिनी तेव्हा दहा वर्षांची होती. शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तिचा विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी आपला आश्रम काढला. ज्यांना रमाबाईंचा धर्म मान्य नव्हता त्यांनी त्यांच्या कामाचा कित्ता मात्र गिरवला, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह आहे.

१८९३ साली वादळ उठले. सदनात धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते, परंतु बाईंच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आत जाऊन बसत. ‘केसरी’ने कडक टीका केली, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांचा विश्वास ही लहान गोष्ट नव्हे, आणि तो डळमळल्यावर रानडे-भांडारकरांपुढे दुसरा मार्गही नव्हता. पण आपण देवाशी बोलतो ते दार लावून बोलावे, ही अट रमाबाईंना मान्य होण्यासारखी नव्हती. दोन्ही बाजूंना आपापल्या सचोटीचाच अडसर झाला, असे आज म्हणावेसे वाटते.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. ह्या लेखाचे मर्म ज्यात आहे तो प्रसंग हाच. रमाबाईंचे वय तेव्हा अडतीस. पुण्यातली संस्था बेताची, पैसा मोजका, समाज रुष्ट. दुष्काळाच्या बातमीबरोबर त्यांची जुनी जखम उघडी झाली. वडील, आई, तो पाला, ती तिरडी हे सारे पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. अशा वेळी बहुतेक माणसे दुःखाकडे पाठ फिरवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. रमाबाई मात्र मध्य प्रांतात गेल्या. तेथील सरकारी अन्नगृहांची स्थिती त्यांनी स्वतः पाहिली. अनाथ मुली आणि तरुण विधवा ह्यांना भुकेइतकेच भय माणसांचे आहे, पोटाला देण्याच्या मिषाने त्यांना पळवून नेणारे टपून बसले आहेत, हे त्यांनी जाणले आणि उघडपणे लिहिले. सुमारे तीनशे मुली त्यांनी आपल्याबरोबर आणल्या.

आणल्या खऱ्या, पण ठेवायच्या कोठे? १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने कहर मांडला होता. दुष्काळग्रस्तांची एवढी गर्दी शहरात राहू देण्यास अधिकारी तयार नव्हते. रमाबाईंनी सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव येथे शेतीसाठी सुमारे शंभर एकर माळजमीन आधीच घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर राहुट्या ठोकून मुलींना नेण्यात आले. ह्याच सुमारास पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात नाव घालून लिहिले आणि थेट मुंबई सरकारला जाब विचारला. सरकारशी वैर करणे संस्थेच्या हिताचे नव्हते. सरकारी कागद हाताळणाऱ्या आपणांस अशा पत्राची किंमत अधिक कळते.

माळावरच्या त्या वस्तीचे नाव मुक्ती. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्यातल्या मुलींची भर पडली आणि तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. दोन हजार माणसे, त्यांतली पुष्कळशी हाडांचे सापळे झालेली, कित्येक रोगी, काही अंध, काही समाजाने कलंकित ठरवलेली. रोजचे अन्न, पाणी, औषध, वस्त्र ह्या गोष्टी केवळ भक्तिभावाने होत नसतात. विहिरी खणल्या गेल्या. शेती, दुग्धालय, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना असे उद्योग निघाले आणि प्रत्येक मुलीला काही ना काही हाताचे काम शिकावे लागे. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले चित्र केडगावच्या माळावर असे उतरले.

येथे दोन दुष्काळ शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या दुष्काळात डोंगरे कुटुंबापाशी श्रद्धा उदंड होती, परंतु ती श्रद्धा हातांना काम देत नव्हती, उलट कामाची लाज शिकवीत होती. दुसऱ्या दुष्काळात रमाबाईंची प्रार्थना मुळीच कमी झाली नाही. जॉर्ज म्यूलरसारख्या, कोणापुढे हात न पसरता केवळ देवावर हवाला ठेवून अनाथालये चालवणाऱ्या माणसांची चरित्रे वाचून, हेच हिंदुस्थानात का होऊ नये असे त्यांना वाटले होते. बोस्टनच्या साह्याची दहा वर्षांची मुदत संपल्यावर तर मुक्तीचा पुष्कळसा भार अनपेक्षित देणग्यांवरच होता. मात्र ह्या प्रार्थनेच्या जोडीला कुदळ होती, माग होता, हिशेबाची वही होती. वडिलांचा उपदेश त्यांनी पाळला, आणि वडिलांच्या घरातली उणीवही भरून काढली. श्रद्धेने त्यांचे दुःख हलके केले असे त्यांच्या चरित्रावरून वाटत नाही. त्या दुःखातून उपजलेले काम टाळू नये, एवढे बळ तिने दिले.

आता एक आक्षेप राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो हात भुकेल्याला भाकरी देतो त्याच हाताने धर्मही पुढे करावा काय? उपाशी मुलीने स्वीकारलेला देव तिने स्वेच्छेने स्वीकारला असे म्हणता येईल काय? मुक्तीमध्ये बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या आणि १९०५ साली तेथे प्रार्थनेची जी मोठी लाट उठली तिच्याकडे अनेकांनी साशंक दृष्टीने पाहिले. मला वाटते, हा आक्षेप खोटा नाही, पण तो अपुरा आहे. कारण तो घेणाऱ्याने दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर देणे लागते. त्या तीनशे मुली मध्य प्रांताच्या रस्त्यांवर पडल्या असताना त्यांच्या मूळ धर्माचे किती अभिमानी त्यांना नेण्यासाठी तेथे गेले होते? शिवाय रमाबाईंना भाकरी आणि श्रद्धा ह्या दोन वेगळ्या वस्तू वाटतच नव्हत्या. आपण ज्या आधारावर जगलो तो लपवून केवळ धान्य वाटणे त्यांना कृपणपणाचे वाटले असते. त्यांच्याशी असहमत होण्याचा हक्क आपणांस आहे. त्यांनी ओझे उचलले होते, हे मात्र तो हक्क बजावताना विसरू नये.

अखेरच्या काळात रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या बाईला कळेल असे सोपे मराठी हवे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या भाषांचे खिळेही केडगावच्या छापखान्यात मुलीच जुळवीत. ज्या स्त्रियांना अक्षर शिवू नये असा दंडक होता, त्यांच्या हातून हे घडत होते. गंगामुळाच्या रानात अनंतशास्त्र्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्याचीच ही पुढची पायरी म्हणावयास हवी.

संकटांनी शेवटपर्यंत पाठ सोडली नाही. जिच्या हाती कार्य सोपवायचे ती एकुलती एक मनोरमा जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी वारली. नऊ महिने पुरे होण्याच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली त्यांच्या पश्चात छापून निघाला. १९८९ मध्ये भारतीय डाकखात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. मुक्तीची संस्था केडगावला आजही उभी आहे.

पुण्याहून सोलापूरकडे जाताना पुष्कळ गाड्या केडगावला न थांबता पुढे जातात. सुट्टीत गावी जाणाऱ्या आपल्यापैकी एखाद्याने सवड काढून साध्या गाडीने तेथे उतरावे. त्याचा देव कोणताही असो, दुष्काळाने पोरक्या झालेल्या एका मराठी मुलीने ज्या माळावर दोन हजार पोरक्यांचा संसार मांडला, तो माळ एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे.